तृतीय कन्यारत्न

पिशोरकडून येणारा डांबरी रस्ता कोळंबखेड्यात शिरायच्या आधी तात्यासाहेबांचा मळा लागतो. सकाळी सात वाजता मातंगवाड्याच्या बायका तिथं पाण्याला जातात. मळ्याच्या विहिरीवर मोटार आहे, मोटारीला काळा पाईप आहे आणि तो धरायला एक गडी आहे. बायकांनी हंडे खाली ठेवून मागं सरायचं. गडी वरून धार सोडतो. पाईपला कुणी हात लावायचा नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही. विचारलं तर द्वारकाबाई म्हणतात, "आम्ही कुठं शिवाशिव पाळतो आता. चिखलाचे हात असतात बायांचे, पाईप खराब होतो, म्हून."

गावाला टाकी आहे. मातंगवाड्यातही नळ बसवलेले आहेत. पण वाडा चढावर आहे आणि त्या बाजूचा व्हॉल्व्ह सगळ्यात शेवटी सुटतो. पहिल्या दोनचार घरांना तांब्याभर पाणी मिळतं, पुढं नळातून नुसती हवा येते. पोरं तोटीला तोंड लावून शिट्टी वाजवतात.

त्या सकाळी हंड्यांच्या ओळीत गावाची सरपंचही उभी होती.

"सरपंचबाई, हंडा सरकवा जरा," पाईपवाला गडी म्हणाला. "पुढारी मानसानं गरिबाला नंबर सोडावा."

बायका हसल्या. खुर्चीवर बसलेल्या द्वारकाबाईही हसल्या.

"तिचा भर रं आधी. तिच्या सहीबगर गावाचं पान हालत नाय. व्हय ना करुणे?"

"नंबरानं येऊ द्या, बाईसाहेब," करुणा म्हणाली. "घाई नाय मला."

सव्वीस वर्षांची ही बाई सरपंच कशी झाली ते सांगायला हवं. तात्यासाहेबांच्या घरात सरपंचपद वीस वर्षं होतं. कधी ते स्वतः, कधी द्वारकाबाई, कधी पुतण्या सत्यम. या खेपेला ते पद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं. तात्यासाहेब रागावले नाहीत. त्यांना रागावलेलं कुणी पाहिलेलं नाही. त्यांनी आपल्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरला, कडुबाला, बोलावलं. कडुबाची बायको करुणा दहावी पास होती, बोलायला कमी होती, आणि तिचा नवरा त्यांच्या भाकरीवर होता. एवढे गुण त्यांना पुरेसे वाटले.

पहिलं वर्ष त्यांच्या मनासारखं गेलं. बैठक त्यांच्या ओसरीवर भरायची. करुणा खाली अंगणात उभी राहायची. ऋतुराज भाऊसाहेब, म्हणजे गावचे ग्रामसेवक, रजिस्टर घेऊन पायऱ्या उतरायचे आणि बोट ठेवतील तिथं ती सही करायची. मग तालुक्याला सरपंचांचं प्रशिक्षण झालं. तिथं एका बाईनं सांगितलं, सही करायच्या आधी वाचायचं असतं, आणि न पटलं तर नाही म्हणायचं असतं. करुणाला वाचता येत होतं. दुसरी गोष्ट तिला नवी होती.

तात्यासाहेबांच्या मळ्यापर्यंत सिमेंटचा रस्ता करायचा विषय आला, तेव्हा ती अंगणात उभी न राहता म्हणाली, "बैठक हाफिसात घेऊ, भाऊसाहेब." आणि हाफिसात म्हणाली, "आधी आमच्या वाड्याला वेगळी टाकी अन् वेगळी लाईन. मग रस्ता. तवर सही नाय."

तात्यासाहेबांनी मान डोलावली. "बरोबर हाय पोरीचं," ते म्हणाले. "पाणी आधी पाहिजे."

घरी येताना उपसरपंच सत्यम धुमसत होता. "काका, अविश्वास आणू. आपल्या ट्रॅक्टरवरचा गडी, अन् त्याची बायको आपल्याला शिकवती."

"किती सदस्य येतील तुझ्या मागं?"

सत्यमनं बोटं मोजली आणि मूठ मिटली. सदस्यांत तीन तर बायाच होत्या, आणि गावठाणातल्या गरिबांनाही पाण्याचा विषय पटत होता.

"ती बाई हाय, सत्यम," तात्यासाहेब शांतपणे म्हणाले. "बाईला पाडायला सभा लागत नाय. तिला दोन पोरी हायत. तिसरं लेकरू झालं की कायदाच तिला घरी बसवतो. आपण कशाला वाईट व्हायचं?"

कायदा असा आहे खरा. दोनपेक्षा जास्त मुलं झाली की पंचायतीतलं पद जातं. कायदा करणाऱ्यांनी चांगल्या हेतूनं केला असेल. पण लेकरू होऊ द्यायचं की नाही हे खेड्यातल्या बाईला कोण ठरवू देतं, हे त्यांनी कुणाला विचारलं होतं का, ठाऊक नाही.

करुणाला हा कायदा माहीत होता. तिनं आशाताईला सांगून ऑपरेशनसाठी नावही दिलं होतं. सासू वच्छलाबाई आधी कुरकुरली, मग म्हणाली, "करून टाक बाई. दोन पोरी शिकल्या तरी लई झालं." वच्छलाबाईचं डोकं मधोमध टक्कल पडलेलं होतं. चाळीस वर्षं हंडे वाहून तिथले केस गेले होते. वाड्यात टाकी येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. टाकी कुठं बसवायची ती जागा तिनं स्वतः झाडून ठेवली होती.

अशा बाईला द्वारकाबाईंनी एके दुपारी उडीद निवडायला बोलावलं.

निवडायला ती नेहमी मागच्या पडवीत बसायची. त्या दिवशी द्वारकाबाई म्हणाल्या, "वच्छे, ये वर, ओट्यावर बस." चहा आला, तो नेहमीच्या कोनाड्यातल्या फुटक्या कपातून नाही, घरातल्या कपातून आला. वच्छलाबाईनं कप दोन्ही हातांनी धरला. हयातीत पहिल्यांदा या घरानं तिला आपला कप दिला होता. त्या बाईचा पाडाव तिथंच झाला.

"ऐकलं ते खरं हाय का गं? करुणी ऑपरेशन करती म्हणं."

"व्हय मालकीणबाई. येत्या बुधवारी."

"तू हो म्हणलीस?"

"आता दोन पोरी..."

"पोरीच की. पोरी काय आपल्या असतात व्हय? वच्छे, तुझ्या कडुबाला एक बी लेकरू नाय जे घराचं नाव लावील. तू मेल्यावर तो रडंल. तो मेल्यावर कोन? जावई येतील व्हय मडकं धरायला?" द्वारकाबाईंनी आवाज खाली आणला. "सरपंचकीच्या तोऱ्यात वंश बुडवायलाय ती. पद पाच वर्षाचं. पोरगा जलमाचा. आमचे हे म्हणले बी, वच्छलाच्या नातवाचं बारसं मी माझ्या खर्चानं करतो. साऱ्या गावाला जेवण."

द्वारकाबाईंच्या सुनेनं, राजनंदिनीनं, दोन मुलींवरच ऑपरेशन केलं होतं, शहरातल्या चांगल्या दवाखान्यात. आतल्या खोलीत ती हे सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

आणि द्वारकाबाईंनी एक गोष्ट सांगितली नाही. तिसरं लेकरू झालं की पद जातं, पदाबरोबर टाकी जाते, हे त्यांनी वच्छलाबाईला सांगितलं नाही. वच्छलाबाईला ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. करुणाला वाटलं होतं, ऑपरेशन होणारच आहे, सांगायचं कशाला.

कडुबाला मात्र सगळं माहीत होतं. त्याची गोष्ट वेगळी होती. चौकातल्या टपरीवर त्याला रोज ऐकावं लागायचं.

"या, सरपंचबाईचे मालक. घरी ठराव कोन मांडतं, कडुबा?"

"सूचक त्याची बायको, अनुमोदक त्याची माय. हा गैरहजर."

"गैरहजर कसा? हा चहा वाटतो की सभेला."

कडुबा त्यांच्याबरोबर हसायचा आणि घरी येऊन ताट ढकलायचा. तात्यासाहेबांनी त्याला शेतात गाठून एवढंच म्हटलं, "कडुबा, मर्द मानूस हायस. घरात कुणाचं चालतं हे गावाला दिसलं पाहिजे, बाबा."

बुधवारी सकाळी करुणा नवी साडी नेसून, पिशवी भरून तयार झाली. आशाताई पाणंदीच्या तोंडाशी उभी होती. कडुबानं मोटारसायकलची चावी खिशात घातली आणि तो निघून गेला. करुणा पायीच निघाली, तर वच्छलाबाई दारात आडवी पडली.

"जायचं तर माझ्या छातीवर पाय देऊन जाय."

"आत्याबाई, काल तर तुम्हीच म्हणल्या..."

"काल मला अक्कल नव्हती. एक पोरगा होऊ दे. मग कर तुला काय करायचं ते. मी हात जोडते."

म्हातारीनं खरोखर हात जोडले. शेजारणी जमल्या. "म्हाताऱ्या मानसाचं मन मोडू नगं गं," असं सगळ्याच म्हणाल्या. करुणा खाली बसली. आशाताई वाट पाहून निघून गेली. जाताना तिनं गोळ्यांचं पाकीट दिलं. ते दोन दिवसांत चुलीत गेलं. कुणी टाकलं, ते करुणानं विचारलं नाही.

त्यानंतर कडुबानं तिचं 'नको' ऐकलं नाही. घराच्या आत घडतं म्हणून आपल्याकडं याला नाव नाही. बाहेर कुणी केलं असतं तर गाव काठ्या घेऊन धावलं असतं.

पाळी चुकली तेव्हा टाकीचा प्रस्ताव मंजुरीसाठी वर गेलेला होता. करुणानं मन घट्ट केलं. मुलींना शाळेत सोडून ती कुणाला न सांगता जीपमध्ये बसली आणि फुलंब्रीला एका दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस कमी होते, कायद्यात बसत होतं. त्या म्हणाल्या, "बसा बाहेर, आज करून टाकू." करुणा बाकावर बसली.

ती फुलंब्रीला दवाखान्यापाशी उतरल्याचं टपरीवरून मळ्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तात्यासाहेबांनी स्वतःची जीप दिली. जीपमध्ये कडुबा होता, वच्छलाबाई होती आणि सत्यमच्या टोळक्यातली चार पोरं होती. दवाखान्याच्या दारात वच्छलाबाईनं ऊर बडवायला सुरुवात केली.

"माझा नातू मारायलीय हो ही. खुर्चीचा माज चढलाय, लेकरू खाती ही बया."

रस्त्यावरची माणसं थांबली. कुणीतरी मोबाईल वर धरला. कुणी म्हणालं, सरपंच हाय म्हणं. दुसरा म्हणाला, अशा बायकाला झोडलं पाहिजे. डॉक्टरीणबाई दारात येऊन सांगत होत्या की निर्णय या बाईचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. त्यांचं कुणी ऐकलं नाही. कडुबानं करुणाचा दंड धरला आणि भर रस्त्यातून ओढत तिला जीपमध्ये घातलं. तिची एक चप्पल पायरीवर राहिली. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

घरी आल्यावर वच्छलाबाईनं तिला सांगितलं, "पोटातल्या लेकराला काय झालं तर मी मळ्याच्या विहिरीत उडी घेईन. तुझ्या पोरी आजीचं मढं बघतील." आणि त्या दिवसापासून ती करुणाच्या मागं मागं राहिली, परसाकडंसुद्धा.

महिने गेले. करुणा सात महिन्यांची असताना टाकीला मंजुरी आली. त्या दिवशी वाड्यात गुलाल उडाला. वच्छलाबाई नाचली. "माझ्या नातवाचा पायगुण," ती म्हणाली. करुणानं तिच्याकडं पाहिलं आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या म्हातारीला काहीच माहीत नाही. तिनं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगून काय होणार होतं? म्हातारीनं खरंच उडी घेतली असती.

काम सुरू व्हायच्या आधी कळा सुरू झाल्या. कडुबा जीप मागायला धावला. जीप त्या दिवशी मोकळी नव्हती. सरकारी गाडी यायच्या आत करुणा घरातच बाळंत झाली.

मुलगी झाली.

वच्छलाबाईनं बाळाचं तोंड पाहिलं आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली. कडुबा ट्रॅक्टरवर गेला तो रात्री परत आला नाही. तनुजा, करुणाची थोरली, सात वर्षांची. तिनं चहा केला.

मळ्यावर मात्र कुणी तोंड पाडलं नाही. बाराव्या दिवशी तात्यासाहेबांनी शब्द पाळला. वाड्यात मंडप पडला, पुरी आणि बुंदी झाली. तात्यासाहेब स्वतः आले, हयातीत पहिल्यांदा वाड्यात आले, आणि पाळण्यावर हात ठेवून म्हणाले, "मुलगी झाली तर झाली. लक्ष्मी हाय." फोटो काढले. चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर बाळाला घेतलेल्या करुणाचा, कडुबाचा आणि तात्यासाहेबांचा फोटो होता.

वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं तनुजाला विचारलं, "काय लिवलंय गं?"

तनुजानं मोठ्यानं वाचलं. "सरपंच सौ. करुणाताई यांना तृतीय कन्यारत्नाचा लाभ झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त गावकरी."

"तृतीय म्हंजी?"

"तिसरी, आजी."

मागं बुंदी खात उभ्या असलेल्या सत्यमच्या पोरांत हशा पिकला. "वाच पोरी, परत एकदा वाच," एकजण म्हणाला. "आज्जीला समजू दे, त्या तिसरीनं काय खाल्लं ते."

"काय खाल्लं?" वच्छलाबाईनं विचारलं.

"तुमची टाकी खाल्ली, म्हातारे. दोनच्या वर लेकरू झालं की सरपंच कटाप. तुला मालूम नव्हतं व्हय? तूच तर आमचं काम केलंस."

वच्छलाबाई मंडपात परत आली. सगळा वाडा जेवत होता. ती एका कोपऱ्यात बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. लोकांना वाटलं, नातू झाला नाही म्हणून रडते.

आठवड्यात तक्रार गेली, फ्लेक्सच्या फोटोसकट. सुनावणीची तारीख आली.

मग वच्छलाबाईनंच तोड काढली. करमाडला कडुबाची बहीण दिलेली होती. नवरा शेंद्र्याला कंपनीत, लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. तिला निरोप गेला आणि ती दुसऱ्याच दिवशी आली. बाळाला मांडीवर घेऊन ती खाली ठेवीना.

ऋतुराज भाऊसाहेब गुपचूप घरी आले. जन्माची नोंद त्यांच्याच हातात होती. "ताई, मी अजून नोंद केलेली नाही," ते पुटपुटले. "बाळंतपण घरी झालंय. नणंदेचं म्हणालात तर तसं लिहितो. मग फ्लेक्सवर काय लिहिलंय त्याला विचारतो कोण?"

"तुम्ही लिहाल भाऊसाहेब? मळ्यावाल्यांना भेत नाही?"

"भितो," ते म्हणाले. "पण तुमच्या टाकीच्या प्रस्तावावर मीच दोन महिने बसून राहिलो होतो. तेवढं तरी फेडू द्या."

वाड्यातल्या बायका दारात येऊन बसल्या.

"करुणे, एक खोटं बोल बाई. एकदाच. आमच्या डोक्यावरचा हंडा उतरंल."

"पोरगीच तर हाय. पोरगा असता तर आम्ही म्हणलो नसतो."

"अन् कुठं फेकायचीय? आत्याकडं जायलीय. दूध-तूप खाईल तिथं."

"तुलाच तर नको होती ना?" एक बाई म्हणाली. "फुलंब्रीला कशाला गेल्ती मग?"

त्या बाईचं खरं होतं. तिला ही मुलगी नको होती. पोटात असताना तिनं एकदाही तिच्याशी गोड शब्द बोललेला नव्हता. आता मुलगी नणंदेच्या मांडीवर होती, दूध मागत होती, आणि करुणाचा ब्लाऊज भिजत होता. नणंद बाटलीनं पाजायचा प्रयत्न करत होती. मुलगी तोंड फिरवत होती.

वच्छलाबाई म्हणाली, "दे तिला. मी बिघडवलंय, मला नीट करू दे."

सुनावणी संभाजीनगरला होती. करुणाबरोबर कडुबा होता, तो कोपऱ्यात उभा राहिला. तात्यासाहेब धुतलेल्या कपड्यांत पुढच्या खुर्चीवर बसले होते. नणंद बाळाला घेऊन बाहेर व्हरांड्यात थांबली होती. सगळं पढवून झालं होतं. करुणानं एकच वाक्य बोलायचं होतं.

समोरच्या अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी फोटो पुढं सरकवला. "या फोटोतलं बाळ तुमचं आहे का?"

बाहेर मुलगी रडत होती. करुणानं तात्यासाहेबांकडं पाहिलं. ते मान खाली घालून नखं बघत होते. त्यांना दोन्ही उत्तरं चालणार होती, हे तिला त्या क्षणी कळलं. ती नाही म्हणाली, तर नणंदेच्या नावानं होणारी खोटी नोंद ते जपून ठेवतील. सही करताना ती कधी अडली, की काढून दाखवतील. आणि उद्या या मुलीला कुणी विचारलं, तुला आईनं का दिलं, तर तिला सांगायचं काय? पाण्याच्या टाकीसाठी?

"माझंच हाय," करुणा म्हणाली.

कडुबानं डोळे मिटले.

"पण मला लिहून द्यायचंय, मॅडम. मी ऑपरेशनला निघाले, मला जाऊ दिलं नाय. मी दवाखान्यात गेले, तिथून मला ओढून आणलं. ज्या जीपमधून आणलं ती यांची हाय. हे लेकरू माझं हाय, पण ते व्हावं हे मी ठरवलं नाय. ज्यांनी ठरवलं त्यांचं पद जात नाय का?"

अधिकारी बाईंनी फोटो मागं घेतला. "तुम्ही पोलिसांत तक्रार देऊ शकता," त्या म्हणाल्या. "इथं मला एवढंच पाहायचंय की मुलं किती आहेत." त्यांनी ते लिहून घेतलं, आणि निकालात आकडा धरला.

करुणाचं पद गेलं. कारभार उपसरपंच म्हणून सत्यमकडं आला. मळ्याचा सिमेंट रस्ता झाला. टाकीचं काम 'जागेच्या वादामुळे' थांबलं. जागेचा वाद काय, तो वाड्यात कुणालाच ठाऊक नव्हता.

सगळ्यात जास्त शिव्या करुणाला वाड्यानंच दिल्या. माणूस भुकेनं वाकतो त्याहून जास्त तहानेनं वाकतो. पाईपखाली हंडा ठेवून उभ्या असलेल्या बायका ती आली की तोंड फिरवायच्या. "हिला लेकरू प्यारं," त्या म्हणायच्या. "आमची लेकरं गेली खड्ड्यात." द्वारकाबाई खुर्चीवरून समजूत घालायच्या, "जाऊ द्या गं. आईचं काळीज हाय." त्या बायकांना द्वारकाबाई भल्या वाटायच्या. कडुबा ट्रॅक्टरवरच राहिला. आता टपरीवर त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

करुणानं पोलिसांत तक्रार दिली. ती पडून आहे. मुलीचं नाव तिनं स्वतः ठेवलं, मनस्विनी, आणि नोंद स्वतःच्या नावानं केली.

पुढच्या ग्रामसभेला ती गेली. सरपंच नसलं तरी गावच्या माणसाला ग्रामसभेत बसता येतं, त्याला तिसरं लेकरू आड येत नाही. मनस्विनीला कडेवर घेऊन ती बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसली. वाड्यातल्या बायकाही आल्या होत्या. त्यांना सत्यमनं जीप पाठवून आणलं होतं, सभेला माणसं भरायला. वच्छलाबाईही त्यांच्यात होती, अगदी मागं, दाराजवळ.

विषय संपत आले तेव्हा करुणा उभी राहिली. "मातंगवाड्याच्या मंजूर टाकीचं काम महिन्याच्या आत सुरू करावं, असा ठराव मांडते."

सत्यम हसला. "विषयपत्रिकेवर नाय ते."

"आयत्या वेळचे विषय हायत ना शेवटी? भाऊसाहेब, हायत का नाय?"

ऋतुराजनं खाली बघत मान हलवली. आहेत.

तात्यासाहेब मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "मांडू दे पोरीला. लोकशाही हाय. मत घे, सत्यम."

"ठरावाच्या बाजूनं कोन? हात वर."

करुणानं हात वर केला. तिनं मागं वळून पाहिलं. वाड्यातल्या बायका पदराशी चाळा करत बसल्या होत्या. त्यांच्या समोर, बाजूच्या खुर्चीवर, द्वारकाबाई बसल्या होत्या आणि एकेकीच्या तोंडाकडं बघत होत्या. उद्या सकाळी सात वाजता प्रत्येकीला त्याच पाईपखाली हंडा ठेवायचा होता.

"लिवा भाऊसाहेब," सत्यम म्हणाला. "एकमतानं नामंजूर."

"एकमतानं नाय," करुणा म्हणाली. "बाजूनं एक मत हाय. एक लिवा. नाव बी लिवा."

ऋतुराजनं पेन उचललं आणि तात्यासाहेबांकडं पाहिलं.

"दोन लिव," दाराजवळून आवाज आला.

वच्छलाबाई उभी राहिली होती. तिचा हात वर होता. कोपरात वाकलेला, पण वर.

"वच्छे," द्वारकाबाई मायेनं म्हणाल्या, "खाली बस. तुला समजत नाय यातलं. सकाळी पाण्याला यायचंय ना?"

"तुमच्या कपानं मला एकदा समजू दिलं नाय, मालकीणबाई," म्हातारी म्हणाली. "आता समजलंय. नाय दिलं पाणी तर नाय दिलं."

बायकांपैकी आणखी कुणाचाही हात वर गेला नाही. तात्यासाहेबांनी सत्यमकडं बोट हलवलं, लिहू दे. ऋतुराजनं लिहिलं. बाजूनं दोन, ठराव नामंजूर. तात्यासाहेब बाहेर पडता पडता गड्याला हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून मातंगवाड्याला मोटार बंद."

सभा उठली. खुर्च्या सरकल्या. माणसं चपला शोधू लागली. वच्छलाबाई दाराजवळ तशीच उभी होती, हात वर करून. मत मोजून झालं की हात खाली घ्यायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. साठ वर्षांच्या हयातीत तिनं सभेत कधी हात वर केलाच नव्हता. लोक तिच्या बाजूनं वाट काढत जात होते. काहीजण हसत होते.

करुणा मनस्विनीला घेऊन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिनंही सासूला हात खाली घ्यायला सांगितलं नाही.